वरच्या खोलीत गेलेल्या कादंबऱ्यांविषयी : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या वाचनालयाच्या सूचना फलकावर मंडळाच्या सहीशिक्क्यानिशी एक सूचना लागली. कथा-कादंबरी विभागातील ‘नैराश्यजनक’ पुस्तके उघड्या कपाटांतून काढून वरच्या मजल्यावरील बंद खोलीत ठेवण्यात येतील, ती हवी असल्यास सभासदाने छापील मागणी अर्ज भरून द्यावा, यापुढील ग्रंथखरेदीत ‘सकारात्मक व प्रेरणादायी’ साहित्याला प्राधान्य राहील, आणि वाचनालयाच्या वार्षिक कादंबरी पुरस्कारासाठी ‘समाजाला आशादायी संदेश देणाऱ्या’ कादंबऱ्यांचाच विचार होईल, असे तिच्यात म्हटले आहे. त्याच आठवड्यात कपाटे रिकामी होऊ लागली. मी मंडळाकडे लेखी विचारणा केली. तिची पोच मिळाली, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. वाचनालयाचे नाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते कळेलच, आणि असा निर्णय उद्या दुसऱ्या एखाद्या गावातले मंडळही घेऊ शकते, तेव्हा तिथल्या वाचकांनाही हे पत्र आपलेच वाटावे.

मी लेखक नाही, समीक्षक नाही, मराठीचा प्राध्यापकही नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहितो. सौदे आटोपले, पट्ट्या तयार झाल्या की संध्याकाळी वाचनालयात येतो आणि पुस्तक बदलून घरी जातो. माझ्यासारख्या माणसाला कादंबरीच्या स्वराविषयी मंडळाशी भांडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील, म्हणून ते कारण आधी सांगतो.

आमचे घर मूळचे तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागेचे. वडील बागेतले जाणकार समजले जात. छाटणीपासून तोडणीपर्यंत फवारणीची एक वही ते स्वतः ठेवत : तारीख, औषध, किती लिटर पाण्यात, सकाळी की संध्याकाळी. एका वर्षी मण्यांत साखर भरत असतानाच अवकाळी पाऊस लागून राहिला. मणी तडकले, घड कुजू लागले. जो माल वाचला तो ज्या व्यापाऱ्याला दिला, तो पैसे न देता निघून गेला. सोसायटीचे कर्ज डोक्यावर होते. नातेवाईक येत, शेजारी येत, आणि प्रत्येक जण मनापासून सांगे की एवढे मनाला लावून घेऊ नका, पुढच्या वर्षी सगळे ठीक होईल. वडील मान डोलावत आणि आईला चहा टाकायला सांगत. बागेत आता फवारण्यासारखे काही उरले नव्हते, तरी रोज सकाळी ते वही काढून तारीख लिहीत आणि पुढची सगळी ओळ रिकामी सोडत. अशी रिकाम्या ओळींची पाने त्या वहीत आहेत. वडिलांना काय होत होते, हे मला तेव्हा कळले नाही. त्यांना विचारण्याइतके शब्द आमच्या घरात कोणापाशी नव्हते.

त्यानंतर काही वर्षांनी याच वाचनालयात रा. रं. बोराडे यांची 1971 साली प्रसिद्ध झालेली ‘पाचोळा’ ही कादंबरी माझ्या हाती आली. मी ती मागितली नव्हती. तिचे नावही मला ठाऊक नव्हते. कपाटासमोर उभा राहून पुस्तके चाळताना ती मिळाली. मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको आपल्या बोलीत सांगते. हळूहळू मिटत जाणाऱ्या नवऱ्याकडे पाहत राहणाऱ्या त्या बाईचे बोलणे वाचताना माझ्या मनात वडील आलेच, पण त्यांच्याहून अधिक आई आली. त्या सगळ्या दिवसांत घरातले आणि बाहेरचे वडिलांकडे बघत होते. आई चहा टाकत होती आणि तिच्याकडे कोणीच बघत नव्हते. हे मला त्या पुस्तकाने दाखवले. त्या रात्री मी खचलो नाही. बऱ्याच वर्षांनी आईशी त्या दिवसांबद्दल बोललो, आणि ती बोलायला लागली तेव्हा पहाटेपर्यंत बोलत होती. आता आपल्या निकषाने पाहिले तर असे पुस्तक वरच्या खोलीतच जाईल, आणि कपाटासमोर सहज उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या कोणाला ते कधीच भेटणार नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी हरकत या निकषालाच आहे. दुःखद घटना असलेली पुस्तके माणसाला खचवतात, अशी समजूत या निर्णयाच्या मुळाशी दिसते. ती समजूत आपल्याच कपाटांवर तपासून पाहावी. रहस्यकथांचे कपाट जागेवर आहे. त्यात जवळजवळ प्रत्येक पुस्तकात खून आहे, कुठे विषप्रयोग आहे, कुठे विहिरीत ढकललेले प्रेत आहे. भयकथाही जागेवरच आहेत. ऐतिहासिक कादंबऱ्यांत लढाईच्या एकेका प्रकरणात शेकडो माणसे पडतात. त्यांना कोणी नैराश्यजनक म्हटलेले नाही आणि म्हणूही नये. मी ती पुस्तके आवडीने वाचतो. उलट ज्या कादंबरीत कोणी कोणाला मारत नाही, फक्त एक म्हातारा बैलजोडी बाजारात विकतो आणि रिकामी दावी खांद्यावर टाकून घरी परततो, ती मात्र उचलली गेली. याचा अर्थ असा की ज्याला आपण अंधार म्हणता तो घटनांत नाही. तो दुसरीकडे कुठेतरी आहे, आणि तो कुठे आहे हे मंडळाने पाहिलेच नाही.

माझ्या वाचनातून मला जे उमगले ते असे. रहस्यकथेत शेवटी गुन्हेगार सापडतो. सगळा दोष एका माणसाच्या माथी लागला की बाकीची पात्रे सुटतात, गाव सुटते आणि वाचकही सुटतो. माझ्या धंद्यातला दाखला द्यायचा तर ही जुळलेली तेरीज आहे : दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली, वही मिटली. गंभीर कादंबरी लिहिणारा न जुळणारी तेरीज जुळवून दाखवत नाही. आयुष्यात जो फरक राहिला तो तो तसाच लिहून ठेवतो, आणि वाचकाला तो फरक बरोबर घेऊन घरी जावे लागते. कादंबरीचा स्वर आपल्याला काळा वाटतो तो यामुळे. खोटी नोंद टाकून तेरीज जुळवणे किती सोपे असते, हे हिशेब लिहिणाऱ्या कोणालाही विचारावे. आणि ती नोंद पुढे किती महागात पडते, हेही त्यालाच विचारावे.

याला जोडून आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे काळाची. मनोरंजनाची कथा बहुधा योग्य जागी थांबते. लग्न जमले, परीक्षा पास झाली, हरवलेला मुलगा सापडला, की पडदा. गंभीर कादंबरी त्या जागी थांबत नाही. ती त्याच माणसांबरोबर आणखी दहा-वीस वर्षे चालते, आणि कोणत्याही माणसाबरोबर तितकी वर्षे चालले की वाटेत आईबापांचे मरण येतेच, भावाभावांत वाटणी होतेच, अंगातला जोर ओसरतोच. यात लेखकाची खिन्नता नाही. तो फक्त आधी उठून गेलेला नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि ते सांगताना आपल्या सांगलीचेच उदाहरण घेतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांच्या वर गेले. 45 फूट ही तिथली धोक्याची पातळी. त्या पुराविषयी जे जाहीरपणे बोलले गेले ते बहुतेक अभिमानाचे होते. कोणी कोणाला खांद्यावरून बाहेर काढले, कोणत्या गावाहून भाकरी आल्या, कोणी जात-धर्म न पाहता घर उघडे केले. ते सगळे खरे होते आणि ते बोलले गेलेच पाहिजे. पण पाणी ओसरल्यावर आमच्या ओळखीच्या एका घरात पंचनामा चालू असताना मी हजर होतो. सासूने फुगलेला पलंग सांगितला, कपाट सांगितले, शिलाई मशीन सांगितले, धान्याची पोती सांगितली. सुनेच्या माहेरून आलेली लोखंडी ट्रंक चिखलाने भरून दाराशीच पडली होती, तिचा उल्लेख सासूने केला नाही. सून चौकटीला टेकून उभी होती. तीही काही बोलली नाही. कागदावर सह्या झाल्या, मंडळी पुढच्या घरी गेली.

ती ट्रंक कोणत्याही बातमीत येणार नव्हती, कोणत्याही सत्काराच्या भाषणात येणार नव्हती. त्या घराला कोणी वाईट म्हणावे असे तिथे काहीच घडले नव्हते. अशा न बोललेल्या गोष्टींना जागा फक्त कथेत आणि कादंबरीत असते. आनंद माणूस चारचौघांत सांगतो, पेढे वाटून सांगतो, फलक लावून सांगतो. त्यासाठी त्याला कादंबरीकाराची गरज पडत नाही. जे सांगता येत नाही ते बहुतेक वेळा लाजेचे, मत्सराचे, भीतीचे, नाहीतर न रडलेल्या शोकाचे असते. माणसाच्या न बोललेल्या बाजूकडे पाहणे हेच ज्या साहित्यप्रकाराचे काम आहे, तो उजळ स्वरात लिहिला जाण्याची शक्यता मुळातच कमी. आपण त्याच्याकडे उजेड मागता तेव्हा त्याने जे पाहिले तेच न पाहण्याची मागणी करता.

हे काही नव्या लेखकांचे खूळ नाही, हेही मंडळाच्या ध्यानात आणून द्यावेसे वाटते. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 साली निघाली आणि तिचा विषयच विधवांची दुःस्थिती हा होता. हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही घरोघरी वाचल्या जाणाऱ्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली, आणि त्या काळच्या वाचकांनी यमूचे हाल आठवड्यामागून आठवडे वाचले. आपल्या मराठी कादंबरीचा जन्मच असा, घरातल्या कोपऱ्यात कोणी मुकाट्याने सोसते आहे हे दिसल्यामुळे झाला. त्याही आधी, कित्येक शतके, संस्कृत साहित्यशास्त्राने हाच प्रश्न विचारून त्याचे उत्तर दिलेले आहे. ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथ म्हणतो की करुण रसातून केवळ दुःखच होत असते तर त्याकडे कोणी वळलेच नसते, आणि मग रामायणही दुःखाचेच कारण ठरले असते. याला पुरावा काय, तर सहृदयाचा अनुभव. आपल्या वाचनालयात रामायणाची जी पारायणाची प्रत आहे, तिच्यात सीतेला शेवटी भूमी पोटात घेते. ती प्रत जागेवर आहे आणि ती जागेवरच असली पाहिजे.

आता निकष प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहू. वरच्या खोलीत कोणती पुस्तके गेली त्याची यादी मी इथे छापत नाही, कारण कोणत्या लेखकाचा समावेश झाला आणि कोण वाचला यावर चर्चा घसरावी अशी माझी इच्छा नाही. पण आपल्याच जिल्ह्यातल्या लेखकांची पुस्तके हातात घेऊन निकष लावून पाहावा. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ 1959 ची. दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा तिचा नायक शेवटी सरकारच्या हाती जातो. ही कादंबरी प्रेरणादायी की नैराश्यजनक? माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ 1955 ची. तिच्यातली माणसे वाचताना ओठांवर हसू येते, आणि शेवटी दुष्काळ पडून सगळी वाडी उठते. ती कोणत्या कपाटात ठेवणार? सांगलीतच जन्मलेले वि. स. खांडेकर ध्येयवादी लेखक म्हणून ओळखले गेले, आणि त्यांना 1974 चे ज्ञानपीठ मिळवून देणारी ‘ययाति’ ही कधीच न शमणाऱ्या भोगलालसेची कथा आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ‘संशयकल्लोळ’ही लिहिले आणि पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे ‘शारदा’ही लिहिले, एकाच लेखकाचा एक हात वर आणि एक खाली ठेवता येत नाही. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावच्या चारुता सागरांच्या ‘दर्शन’ या कथेचा आधार घेऊन ‘जोगवा’ चित्रपट आला. तो चित्रपट पाहण्यासाठी आपण तिकीट काढतो आणि तशाच कथेच्या पुस्तकासाठी अर्ज भरायला लावतो, यातली विसंगती मंडळाला दिसावी.

दुसरी हरकत त्या अर्जाची. पुस्तकाचे नाव, लेखक, दाखल क्रमांक आणि त्याखाली एक रकाना : ‘वाचनाचे कारण’. हा रकाना कोणाच्या कल्पनेतून आला हे मला माहीत नाही, पण तो भरताना एका तरुण मुलीला मी काउंटरवर पाहिले. तिने पुस्तकाचे नाव लिहिले, कारणाच्या रकान्यापाशी थांबली, मागे रांगेत कोण आहे ते वळून पाहिले आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवून निघून गेली. मोडलेल्या संसाराची, व्यसनी मुलाची, फसलेल्या गर्भपाताची कादंबरी माणूस का वाचतो याचे खरे उत्तर तो गावातल्या ओळखीच्या चार डोळ्यांसमोर कागदावर लिहून देईल का? लहान शहरात वाचनालयाचे कपाट ही एकच जागा अशी असते की जिथे कोणालाही काही न सांगता माणूस आपल्याला हवे ते पुस्तक उचलू शकतो. ती जागा आपण काढून घेतली. ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे पाच सिद्धांत 1931 साली प्रसिद्ध झाले; प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांतले दोन. आपल्या ग्रंथपालांना ते तोंडपाठ असणार. या निर्णयापूर्वी त्यांचे मत विचारले होते का, हे मंडळाने सांगावे.

तिसरी हरकत पुरस्काराच्या अटीला आहे आणि ती थोडक्यात सांगतो. आपला पुरस्कार रकमेने मोठा नसला तरी जत, आटपाडी, शिराळ्याकडच्या नव्या लेखकांना तो पहिल्यांदा नाव देतो. शेवट आशादायी हवा असे आधीच सांगितले की हे लेखक शेवटचे प्रकरण आपल्यासाठी लिहितील. त्यांनी आधीच्या दोनशे पानांत जे पाहिले त्याला ते प्रकरण खोटे पाडील, आणि ते खोटे आपण पुरस्कार देऊन शिकवलेले असेल.

मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांशी माझे बोलणे झाले. त्यांनी कळकळीने सांगितले की वर अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुले बसतात, वर्षानुवर्षे परीक्षा देऊन खचलेली असतात, त्यांच्या हाती आणखी रडकी पुस्तके कशाला द्यायची. त्यांच्या काळजीबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तिला मला खरे उत्तर द्यायचे आहे. त्या मुलांसाठी आपण प्रेरणादायी पुस्तकांचे नवे कपाट केले आहे. त्यातली बहुतेक पुस्तके एकच गोष्ट सांगतात : मनापासून प्रयत्न केले की यश मिळतेच. ज्याला यश मिळाले त्याला हे वाचून बरे वाटते. ज्याने मनापासून प्रयत्न केले आणि तरी ज्याचे नाव यादीत आले नाही, त्याला यातून एकच निष्कर्ष काढता येतो, तो म्हणजे कमी आपणच पडलो. माझ्या वडिलांच्या वहीत एकही फवारणी चुकलेली नव्हती. तरीही बाग गेली. सगळे बरोबर करूनही माणसाचे नुकसान होऊ शकते आणि त्यात त्याची लायकी ठरत नाही, एवढे सांगणारा आवाज त्या वेळी आमच्या घरात हवा होता. तो आवाज मला पुढे फक्त या काळ्या म्हटल्या जाणाऱ्या पुस्तकांत ऐकू आला. जो मुलगा खरोखर आजारी आहे, ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याला डॉक्टरांकडे नेले पाहिजे. त्याची गरज या कपाटाने भागत नाही आणि त्या कपाटानेही भागत नाही. पण जो फक्त दुःखी आहे त्याच्या हातून त्याच्या दुःखाची भाषा काढून घेणे, हा त्याच्यावरचा उपाय होऊ शकत नाही.

याचा अर्थ काळोख म्हणजेच मोठे साहित्य असे मी म्हणत नाही. पानोपानी मरणे, बलात्कार आणि उपासमार रचली की पुस्तक गंभीर ठरते असा समज काही लेखकांचाही झालेला आहे आणि अशी पुस्तके मला वाचवत नाहीत. त्यांतला अंधारही ओढूनताणून आणलेला असतो. आशेचा शेवट जसा चिकटवता येतो तसा निराशेचाही येतो. चांगल्या कादंबरीत हसू असते, जेवणाचा वास असतो, पोरांचा दंगा असतो, आणि म्हणूनच तिथली हानी आपल्याला लागते. तेव्हा खरेदी समितीने वाईट पुस्तके जरूर नाकारावीत. ती वाईट लिहिली आहेत म्हणून नाकारावीत. त्यातली माणसे शेवटी सुखी झाली की नाहीत, हे मोजून नव्हे.

एवढे सांगितल्यावर मागण्या सरळ शब्दांत मांडतो. सूचना मागे घेऊन वरच्या खोलीतील सर्व पुस्तके पूर्वीच्या कपाटांत, पूर्वीच्या क्रमाने परत लावावीत आणि त्यांच्या पाठीवर चिकटवलेल्या लाल पट्ट्या काढून टाकाव्यात. मागणी अर्जातला कारणाचा रकाना रद्द करावा, आणि आजवर ज्यांनी तो भरून दिला त्यांचे अर्ज कोणालाही न दाखवता नष्ट करावेत. हे काम सर्वांत आधी व्हावे. कादंबरी पुरस्काराची नवी अट काढावी. ग्रंथखरेदी समितीत ग्रंथपालांना मताचा अधिकार द्यावा आणि सभासदांतून निवडलेले किमान दोन वाचक घ्यावेत, त्यांत एक स्त्री असावी. अभ्यासिकेला जागा कमी पडते हे खरे आहे, तर त्यासाठी निधी उभारण्याचा प्रस्ताव मंडळाने मांडावा; माझ्या ऐपतीप्रमाणे मी त्यात पहिला वाटा देईन. आणि हा विषय येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 खाली मान्यता आणि अनुदान घेणाऱ्या संस्थेने असा बदल चार जणांच्या बैठकीत करू नये, ही अपेक्षा गैर नाही.

पुस्तके खाली आणायला माणसे कमी पडत असतील तर यार्डाला सुटी असेल त्या दिवशी मी आणि माझ्या ओळखीचे काही सभासद येऊ. कोणते पुस्तक कुठे होते हे आमच्यापैकी बऱ्याच जणांना अजून आठवते. मंडळाचा निर्णय काहीही होवो, त्याचे उत्तर लेखी मिळावे आणि ते त्याच सूचना फलकावर लावावे, ही विनंती.

आपला नम्र,
वाचनालयाचा एक सभासद
सांगली